शनिवारची हजेरी

पनवेल, बुधवार, ता. १४ नोव्हेंबर १९५६

दादा,

शालोम. हेप्झिबाचा नमस्कार. पत्राची सुरुवात वाचून तू शेवटाला उडी मारतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून कामाचं आधी सांगते. आमची भातगिरणी बंद पडली.

गेल्या शुक्रवारी दुपारी इंजिनाचा मुख्य दांडा मोडला. नवा दांडा विलायतेहून यायचा, आणि सुवेझचा कालवा बंद, म्हणजे बोट अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येणार. दोन महिने तरी धरा म्हणतात. ऐन सुगीत भाताच्या गाड्या दारातून परत जातायत. मॅनेजर मला सगळ्यांदेखत म्हणाला, "शुलामिथबाई, तुमच्याच ज्यू भाऊबंदांनी तिकडे लढाई केली, आता बसा इकडे घरी." मी म्हटलं, माझा एकच भाऊ, तो भायखळ्याला राहतो आणि त्याची लढाई ट्राममधल्या जागेपुरती असते. लोक हसले. हसून झाल्यावर सगळे आपापल्या घरी गेले आणि मीही आले.

सोमवारी फळ्यावर नोटीस लागली. 'लेऑफ' असा शब्द आहे. कामावरून काढलेलं नाही, पण काम नाही. जे पात्र असतील त्यांना कायद्याप्रमाणे अर्धा पगार. पात्र कोण, ते नोटिशीत नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणतो, यथावकाश कळेल. तुझा जन्म कापडगिरणीच्या टाइमऑफिसात गेला, तेव्हा मला यथावकाश नको, उलट टपाली कळव.

दिवाळीच्या पत्रात तू लिहिलं होतंस की जड जात असेल तर हेप्झिबाला मुंबईला पाठव, एका दवाखान्यात आयाची जागा आहे. तुझं मन मोठं, पण मी पाठवणार नाही. मार्चमध्ये तिची मॅट्रिक. फॉर्म आणि फी डिसेंबरअखेर भरायची. पोरीने मॅट्रिक व्हायचं हे ह्यांनी अंथरुणाला खिळून असताना ठरवलं, आणि हे गेल्यावर गिरणीत पाखडणाऱ्या बायकांवर मुकादम म्हणून उभी राहून मी ठरवलं. त्यात बदल नाही. अर्धा पगार आला तर घर चालेल. तो कसा मिळवायचा एवढंच सांग.

तुझी,
शुलामिथ

•

मुंबई, शुक्रवार, ता. १६ नोव्हेंबर

बाय शुला,

पत्र पोचलं. शेवटपर्यंत वाचलं.

आता नीट लक्ष दे, कारण हा कायदा गरिबासाठी केलेला असला तरी गरिबाला कळेल अशा भाषेत केलेला नाही. अर्धा पगार मिळायला कामगाराचं नाव गिरणीच्या मस्टरवर हवं. तो बदली किंवा हंगामी नको. वर्षभराची नोकरी हवी, म्हणजे बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस प्रत्यक्ष काम. वर्ष पुरं व्हायला आठवडा कमी असला तरी हात हलवत परत. तुला तीन वर्षं झाली, तेव्हा तिथे घोडं अडणार नाही. सामाजी मेहुणे गेल्यावर नोकरी लागली त्या दिवसाचं नेमणुकीचं पत्र जपून ठेव.

पुढची अट मात्र रोजची आहे. लेऑफ असला तरी ठरलेल्या वेळी गिरणीच्या दारात जाऊन दिवसातून एकदा हजर व्हायचं. काम नाही हे ठाऊक असतानाही जायचं आणि मस्टरवर सही करायची. ज्या दिवशी गेली नाहीस, त्या दिवसाचा पैसा नाही. माझ्या वाचनाप्रमाणे त्या एका दिवसापुरताच. पण मॅनेजर लोक एका दिवसाचं बोट धरून सगळा हात उपटतात, हे एकोणीस वर्षं बघतोय. हे सारं वर्षात पंचेचाळीस दिवसांपर्यंत. त्यातला एकही दिवस वाया घालवू नकोस.

तुझ्या शब्बाथच्या शनिवारचं काय? इतकी वर्षं तू शनिवार सोडून रविवारी साफसफाईला जात होतीस, ते जुन्या शेठजींच्या तोंडी शब्दावर. कागद नाही. लेऑफमध्ये सुटी सगळ्यांना एकच, रविवारची, असं मॅनेजर म्हणणार. मी सांगेन, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, मुकाट्याने सही करून ये. बाकी तू माझं कधी ऐकलं आहेस?

तुझा,
मनासे

•

पनवेल, बुधवार, ता. २१ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं, म्हणजे पहिला शनिवार तुझ्या सल्ल्याशिवाय पार पडला. बरंच झालं.

हजेरी आठ वाजता असते. गेटजवळ मेज टाकून दयाराम कारकून मस्टर उघडतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या अंगात रक्ताऐवजी शाई आहे. शनिवारी मी पावणेआठलाच जाऊन उभी राहिले. चालत जाण्यात शब्बाथची विश्रांती मोडत नाही, लिहिण्यात मोडते. माझं नाव आल्यावर म्हटलं, मी हजर आहे, पण आज मी लेखणी धरत नाही. सही सोमवारी करते. दयाराम म्हणाला, त्या दिवसाची सही त्याच दिवशी. मी म्हटलं, मग तुम्हीच माझ्या नावापुढे हजर लिहा, मी तुमच्यासमोर उभी आहे. तर म्हणाला, दुसऱ्याची हजेरी आपल्या हाताने लावली तर नोकरी जाते. त्याचंही खरं आहे. मी तिथेच अर्धा तास उभी राहिले, सगळ्यांच्या सह्या होऊन मेज उचलेपर्यंत, आणि मग प्रार्थनेला गेले.

माझ्या शेजारी भामा उभी होती. ही गव्हाणची, आमच्याकडे पाखडायला येते. तिला सातच महिने झालेत, म्हणजे तुझ्या दोनशे चाळीसच्या हिशेबात ती बसत नाही, आणि बदलीवरची म्हणून मस्टरवर नावही नाही. तरी तीन कोस तुडवत रोज येते, इंजिन सुरू झालं का बघायला. मला म्हणाली, "तुमी नका घाबरू. तुमी उब्या हाव, मी बघतंय."

तेव्हा माझं ठरलं आहे. शनिवार चुकवायचा नाही आणि सहीही करायची नाही. कायद्याला मी दारात हवी आहे ना? मी दारात असेन.

शुलामिथ

•

मुंबई, शुक्रवार, ता. २३ नोव्हेंबर

शुला,

तुझ्या निग्रहाला सलाम, पण निग्रहाने फी भरली जात नाही.

एक तोड सुचवतो. सही करू नकोस, अंगठा लाव. लेखणी धरायची नाही, अक्षर काढायचं नाही. बोट पुढे करायचं, बाकीचं दयाराम करील. मुंबईत आपली किती माणसं रेल्वेत, टपालात, कचेऱ्यांत शनिवारी कामाला जातात. त्यांनी काय धर्म सोडला? आकाशातल्या देवाला गिरणीचं मस्टर तपासायला वेळ नसेल. हेप्झिबाचा विचार कर. हट्टाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.

रागावशील. रागाव, पण अंगठा लाव.

मनासे

•

पनवेल, मंगळवार, ता. २७ नोव्हेंबर

दादा,

रागावले. अंगठा लावला नाही.

मी शाळेत सहावीपर्यंत शिकले. मला लिहिता येतं, म्हणून मी सही करते. शनिवारी मला येईनासं होतं आणि अंगठा पुढे करते, असं सोंग मी चाळीस माणसांसमोर करू? देवाला मस्टर बघायला वेळ नसेल, हेप्झिबाला आहे. ती रोज विचारते, आई, आज काय झालं? तिला काय सांगू, की आई आज अडाणी झाली होती?

पण आता खरी चीड आणणारी गोष्ट ऐक. काल सही करताना मस्टर माझ्याकडे फिरवलं, तेव्हा मागचे दोन शनिवार दिसले. माझ्या नावापुढे दोन्ही रकान्यांत तांबड्या शाईने बारीक अक्षरांत लिहिलंय: 'सही करण्यास नकार.' मला कानफटात मारल्यासारखं झालं. तीन वर्षांत मी कशाला नकार दिला? कोंड्याच्या धुळीत रक्त पडेपर्यंत खोकले, पण नाही म्हटलं नाही. मी नकार दिलाच नाही, सोमवारी करते म्हटलं. हा नुसता बट्टा आहे. आणि आजच फळ्यावर पात्र लोकांची यादी लागली, त्यात माझं नाव नाही. मॅनेजर म्हणतो, दोन शनिवार गैरहजर, हक्क बुडाला.

दयारामला सांगितलं, हे खरवडून काढा. तो म्हणतो मॅनेजरची परवानगी आणा. उद्या सकाळी मॅनेजरकडे जाते. ते तांबडं अक्षर माझ्या नावापुढून गेल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. यादीचं नंतर बघू, आधी अब्रू.

शुलामिथ

•

तार. मुंबईहून, बुधवार, ता. २८ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन

शेरा खोडू देऊ नकोस. पत्र येत आहे. मनासे

•

मुंबई, बुधवार, ता. २८ नोव्हेंबर

शुला, वेडे,

तार वेळेवर पोचली असेल अशी आशा धरून लिहितो. तुझं पत्र दुपारच्या टपालात आलं. वाचता वाचता जेवणाचा डबा तसाच टाकून तारघराकडे पळालो. बावन्न इंचांचं पोट घेऊन माणूस पळतो तेव्हा रस्त्यातले लोक बाजूला होतात, म्हणून वेळेत पोचलो.

अगं, तो बट्टा नाही, ती तुझी हजेरी आहे. नीट वाच. 'सही करण्यास नकार.' नकार कोण देऊ शकतं? जो माणूस घरी झोपला आहे तो सहीला नकार देत नाही, तो गैरहजर असतो. नकार द्यायला मेजापुढे उभं राहावं लागतं. दयारामने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की दोन्ही शनिवारी आठ वाजता तू गिरणीच्या दारात होतीस. मी संध्याकाळी कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं. त्यात हजर होण्याची अट आहे, सहीबद्दल एक अक्षर नाही. सही ही गिरणीवाल्यांची सोय. कायदा झाल्यापासून तीन वर्षं मी ते पान लोकांना वाचून दाखवतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण सही न करणारा हजर माणूस मी पाहिलाच नव्हता.

सोबत अर्जाचा मसुदा आहे. स्वच्छ अक्षरात उतरवून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे रजिस्टर टपालाने पाठव. मस्टर तपासावं अशी मागणी त्यात आहे. पण शेरा खरवडला गेला असेल तर अर्ज पाठवू नकोस, कारण मग उरतो तो कोरा रकाना, आणि कोरा रकाना म्हणजे गैरहजर.

उत्तर ताबडतोब. मला झोप येणार नाही.

मनासे

•

पनवेल, रविवार, ता. २ डिसेंबर

दादा,

झोप. शेरा शाबूत आहे. पण त्यात माझं शहाणपण तिळाइतकंही नाही.

बुधवारी सकाळी, तुझी तार निघण्याच्याही आधी, मी मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिले होते. वाटलं होतं, भांडावं लागेल. तो तर एकदम गोड झाला. बसा म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली. "बाई, तुमच्यासारख्या बाईच्या नावापुढे असा शेरा बरा दिसत नाही, आत्ता काढून टाकू," असं म्हणून त्याने दयारामला बोलावलं. मला त्याचे आभार मानावेसे वाटले, एवढी मी खुळी. त्याला सगळं कळलं होतं आणि मी आपल्या हाताने त्याचं काम करत होते.

दयाराम मस्टर छातीशी धरून उभा राहिला. म्हणाला, खरवडतो, पण बाजूला तुम्ही सही आणि तारीख घाला की तुमच्या हुकमाने खरवडलं. मॅनेजर म्हणाला, त्याची काय गरज? दयाराम म्हणाला, माझ्या अक्षरात खाडाखोड नसते. मॅनेजर ओरडला. दयाराम मस्टर घेऊन निघून गेला. मी दयारामवर इतकी चिडले होते की येताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी तुझी तार आली, शुक्रवारी पत्र, आणि मग मी ओट्यावर बसून हसले आणि थोडी रडलेही.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, शब्बाथ लागण्यापूर्वी, अर्ज उतरवून रजिस्टर केला. काल तिसरा शनिवार. गेले, उभी राहिले. दयारामने तांबडी दौत पुढे ओढली तेव्हा मी म्हटलं, सावकाश लिहा, नीट लिहा. त्याने वर बघितलं नाही, पण कान लाल झाले.

त्याला मी विचारलं, तुम्ही हे मुद्दाम लिहिलंत का हो? तर म्हणतो, "बाई, मी कारकून. जे समोर झालं ते लिहायचं. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

शुलामिथ

•

पनवेल, शुक्रवार, ता. १४ डिसेंबर

दादा,

शब्बाथचा दिवा लावायला तासभर आहे, तेवढ्यात लिहिते.

काल सरकारी अधिकारी एस.टी.ने आले. तरुण आहेत, चष्मा आहे, धुळीने शिंकत होते. गिरणीच्या कचेरीत मॅनेजर, दयाराम, मी आणि दाराशी साक्षीला भामा. मी उभी राहूनच बोलले. तीन, नव्हे चार शनिवार त्या दारात उभं राहून पायांना सवय झाली आहे.

मॅनेजरने सांगितलं की ही बाई चारही शनिवारी गैरहजर, तिने नियम मोडला, सवलत दिली तर उद्या प्रत्येक जण आपापला वार मागेल. अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी जे झालं ते सांगितलं. सही का केली नाही म्हणून विचारलं, तेव्हा म्हटलं, आमच्यात शनिवारी लिहीत नाहीत, कोणासाठीच नाही, आणि मी हजर राहिले नाही असं एक तरी माणूस सांगेल तर मला पैसा नको.

मग भामाला आत बोलावलं. मॅनेजर म्हणाला, ही हिच्याच हाताखालची, ही हिच्याच बाजूने बोलणार. भामाने पदर खोचला. "मला कायदा लागत नाय, माजं वरीस भरलं नाय. मला या गिरनीचा एक पैसा येनार नाय. मंग मी खोटं कशाला बोलू? बाय उबी व्हती. मी तिच्या बाजूला उबी व्हते."

अधिकाऱ्यांनी मस्टर मागवलं. दयारामने ते दोन्ही हातांनी पुढे ठेवलं. साहेबांनी चारी रकाने बोट फिरवून वाचले आणि मॅनेजरला विचारलं, "या बाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या, असं तुमचं म्हणणं?"

"नव्हत्या."

"मग नकार कोणी दिला?"

मॅनेजरने दयारामकडे बघितलं. दयाराम खिडकीबाहेर बघत होता.

दादा, निकाल आपल्या बाजूने लागला. बुधवारी पगाराबरोबर मागचे सगळे दिवस धरून अर्धा पगार द्यायचा, शनिवारसुद्धा. यापुढे शनिवारी हजर असा शेरा कारकुनाने लिहायचा. मॅनेजरने कबुली लिहून दिली. भामासाठी मी बोलून बघितलं. साहेब म्हणाले कायद्यात वर्ष म्हणजे वर्ष, आणि त्यांनाही ते सांगताना बरं वाटलं नाही. हेप्झिबाचा फॉर्म बुधवारी भरेन आणि आलेल्यातलं भामाला थोडं देईन, ती घेईल असं वाटत नाही.

हे सगळं तुझ्यामुळे. तू तारघराकडे पळालास ते बघायला मी असायला हवं होतं.

शुलामिथ

•

मुंबई, सोमवार, ता. १७ डिसेंबर

बाय शुला,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुमची बहीण वकील आहे का? मी म्हटलं, नाही, मुकादम आहे.

आता एक गोष्ट सांगायची आहे. तू 'तुझ्यामुळे' लिहिलंस, आणि ते पचेना म्हणून सांगतो. आपल्या बाबांना मी सांगितलं होतं की गिरणीत मला शनिवारी सुटी आहे, रविवारी जातो. तुलाही तेच. ते खरं नाही. लागलो त्या आठवड्यापासून शनिवारी जातो. साडेसातला सही करतो, मग दिवसभर इतरांच्या सह्या घेतो. सुटी मागितली असती तर कदाचित मिळाली असती. मी मागितलीच नाही. आधी भीती वाटली, मग सवय झाली, आणि मग इतकी वर्षं झाली की मागायची लाज वाटायला लागली.

तुला अंगठा लावायला सांगितलं ते हेप्झिबासाठी सांगतोय असं स्वतःला पटवलं होतं. खरं कारण ते नव्हतं. तू लावला असतास तर मला बरं वाटलं असतं. तुझं पत्र आलं की लावला नाहीस, तेव्हा मी तुझ्यावर संतापलो होतो, शुला. तू गेटवर उभी राहिलीस ते चारही शनिवार मी इथे लेखणी हातात घेऊन बसलो होतो.

बाबा असते तर बोलले असते. तू बोल. मी ऐकून घेईन.

मनासे

•

पनवेल, गुरुवार, ता. २० डिसेंबर

दादा,

काल पैसे मिळाले, आज फॉर्म भरला. हेप्झिबाने सही इतक्या घाईने केली की नाव थोडं तिरकं आलं आहे. भामाने पैसे घेतले नाहीत. मुलासाठी खाऊ घेतला.

तुझ्या शनिवारचं मला ठाऊक होतं. आज नाही, सहा वर्षांपूर्वीपासून. ह्यांना मुंबईच्या इस्पितळात ठेवलं होतं, त्यांचा श्वास अडकला, आणि मी शनिवारी सकाळी तुला शोधत तुझ्या घरी गेले. शेजारणीने सांगितलं, ते कामावर. चालत तुझ्या गिरणीपाशी आले. टाइमऑफिसच्या खिडकीतून तू दिसलास, मान खाली, लिहीत होतास. मी हाक मारली नाही. परत फिरले.

का नाही मारली, तेही आज सांगते. त्या दोन वर्षांत ह्यांचं औषध, हेप्झिबाची शाळा, आमचं मीठ-पीठ, सगळं तुझ्या मनीऑर्डरीवर होतं. तुला विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि खरं ऐकल्यावर ते पैसे मला घेता आले नसते. ह्यांचं औषध थांबलं असतं. म्हणून मी माहीत नसल्यासारखं केलं आणि दर महिन्याला पोस्टमनपुढे सही करून पैसे घेतले. तुझे शनिवार आम्ही तिघांनी खाल्ले, दादा. त्यातला मोठा वाटा माझा. तेव्हा तुला बोलायचं तोंड मला नाही, आणि असतं तरी मी बोलले नसते.

या वेळी मला उभं राहता आलं, कारण पैसा माझा होता आणि उपाशी राहायचं तर मीच राहणार होते. तेव्हा तसं नव्हतं.

हेप्झिबा म्हणते मामाला बोलव. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत येता आलं तर दोन दिवस राहा. तुझ्यासाठी नारळाच्या रसातलं मटण करून ठेवीन. शनिवारची सुटी मिळाली नाही, तर रविवारी ये.

तुझी,
शुलामिथ